बावीस नंबरचा दिवा

भाईंदरजवळच्या मुर्ध्यात शालूचं दुकान कुठे असं कुणालाही विचारा, हातातलं काम सोडून दाखवतील. राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गाळा, बाहेर रिक्षांच्या बॅटऱ्यांची रांग, आत भिंतभर वायरींची भेंडोळी आणि मधोमध स्टुलावर शालू. वय छत्तीस, आवाज खणखणीत, बोटं कायमची काळी. रिक्षाचा हॉर्न, टेंपोचा सेल्फ, ट्रकची दिवाबत्ती, जिथे म्हणून वायर तिथे शालू. नवं गिऱ्हाईक आलं की आत डोकावून हमखास विचारायचं, "भैया किधर है?" शालू मान वर न करता म्हणायची, "भैया मैं ही है, बोल!"

गाळा तिच्या बापाचा, धर्माजीचा. आयुष्यभर त्याने इथे गावातल्या होड्यांच्या बॅटऱ्या चार्ज केल्या. शालू शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्याजवळ बसायची आणि बसता बसता सगळं शिकली. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा वारला, ती माहेरी परत आली आणि तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर उघडून स्टुलावर बसली. कुणी तिला बस म्हणालं नाही, कुणाची ऊठ म्हणायची छातीही झाली नाही. धाकटा भाऊ शिवा मात्र वायरीला हात लावेल तर शपथ! २००६ साल ते. जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि शिवा फ्लॅट दाखवायच्या धंद्यात पडला होता. त्याला रस्त्यावरचा हा गाळा ऑफिससाठी हवा होता. काचेचं दार, एसी, फिरती खुर्ची, सगळं त्याने मनातल्या मनात मांडून झालं होतं.

अशात डिसेंबरातल्या एका रविवारी दुकानासमोर ती गाडी येऊन बंद पडली.

काय गाडी होती हो! लाल, बुटकी, दोन दारांची, जपानी. दिवे लावले की डोळे उघडल्यासारखे बॉनेटमधून वर यायचे. एक्क्याण्णव सालचं मॉडेल. आखातातून परतलेल्या कुणीतरी येताना आणलेली आणि शेवटी अभिनवच्या पदरात पडलेली. अभिनव म्हणजे भाईंदर पूर्वेचा, इंद्रलोकमधला कंप्युटरवाला पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा. गिरगाव सोडून आई आणि तो इकडे राहायला आले होते. या गाडीवर त्याचा असा जीव, की बघणाऱ्याला हसू यावं.

तो रस्त्यात डोक्याला हात लावून उभा होता. मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, आणि मीटरच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ढणढणा पेटलेला.

"काय म्हणते?" शालूने विचारलं.

"काही म्हणत नाही ताई, हाच तर वांधा आहे! तीन गॅरेज झाली. पाण्याच्या गरमीचा सेन्सर दोनदा बदलला. त्यांचं तपासायचं मशीन हिला लागतच नाही, पिनच बसत नाही. आता म्हणतात हिचा कंप्युटर गेला, मिळणार नाही, भंगारात टाका."

"भंगारात? तोंड बघा भंगारात टाकणाऱ्यांचं!" शालू भडकली. दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढं भडकायचं काही कारण नव्हतं, पण ती तशीच होती. "मशीन लागत नाही तर न लागू दे. गाडी एवढी हुशार, स्वतःचं दुखणं सांगायची काहीतरी सोय असेलच की."

सोय होती! अभिनवने इंटरनेटवरून कागद छापून आणलेले होते आणि तीन गॅरेजवाल्यांपैकी एकानेही ते हातात घेतले नव्हते. बॉनेटखाली एक छोटी डबी असते, तिच्यातली ठरावीक दोन भोकं वायरने जोडायची, चावी फिरवायची पण इंजिन चालू करायचं नाही. मग तो पिवळा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि कागदावर तो नंबर शोधायचा. शालूचं इंग्रजी जेमतेम, पण आकडे काय, आकडेच असतात. तिने डोक्यातला आकडा उपसला, केसांचा हो, सरळ केला आणि दोन भोकांत खुपसला.

"फिरव चावी!"

दिवा लुकलुकला. दोनदा. थांबला. परत दोनदा. मग जरा थांबून पाचदा आणि एकदा.

"बावीस आणि एक्कावन्न!" अभिनव ओरडला. "म्हणजे दोन बिघाड!"

"तुझा एसी चालू आहे का रे?"

"हो."

"बंद कर आधी. कागदावर ते एसीचं चित्र कशाला काढलंय मग?"

एसी बंद केला आणि एक्कावन्न गायब. उरला बावीस. शालूच्या अंगावर सर्रकन काटा आला. वीस वर्षं ती वायरी तपासत होती, पण आजवर एकही गाडी तिच्याशी अशी बोलली नव्हती! बावीस म्हणजे पाण्याच्या गरमीचा सेन्सर. इंजिन किती तापलंय ते हा कंप्युटरला सांगतो. याचा निरोप नीट पोचला नाही तर कंप्युटरला वाटतं इंजिन गारठलंय, आणि तो धडाधड पेट्रोल ओततो. म्हणून काळा धूर. सेन्सर तर नवाकोरा, मीटर लावला तर ठणठणीत. मग निरोप वाटेत अडतोय. तिने सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचं प्लास्टिकचं सॉकेट, ओढून काढला आणि आत बघितलं. दोन्ही पिनांवर हिरवट-पांढरी साय चढलेली.

"मिळाला चोर!" ती अशी ओरडली की पलीकडचा वाणी बाहेर आला. "खारी हवा! खाडीची खारी हवा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुर्ध्यात यावर कुणाचं दुमत होणं शक्यच नाही. इथे ग्रिल सडतं खाऱ्या हवेने, पत्रा सडतो खाऱ्या हवेने, सायकलची चेन, देवळाची घंटा, सगळ्याचा दोष खाऱ्या हवेला. शालूने पिना घासून लखलखीत केल्या, फ्यूज काढून कंप्युटरच्या आठवणीतला जुना नंबर पुसला आणि चावी मारली. धूर नाही, धक्का नाही, दिवा विझलेला. अभिनवने तिचे हातच धरले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालं, की मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले ती गाडी आपल्या शालूने केसांच्या आकड्याने बरी केली. शालूही काही कमी नाही, तिने तीनदा तरी सगळ्यांना सांगितलं.

आणि पुढच्या रविवारी तीच लाल गाडी टेंपोला दोर बांधून, फरपटत, भर रस्त्याने दुकानासमोर आली.

शालूचा चेहरा पडला. शिवा नेमका तिथेच उभा होता. "ये बघा, आली बाईंची गाडी! बाबा, आता तरी गाला माझ्या नावानं कर. किती दिवस ही थट्टा?"

धर्माजी ओट्यावर बसला होता. तो कमी बोलणारा माणूस. त्याने गाडीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"माझ्या हातचं काम कंदी परत आलं न्हाय," तो म्हणाला. "काम परत आलं म्हंजे कारण सापडलंच न्हवतं. शालू, फुडल्या आयतवारपर्यंत तुला टाइम हाय. आयतवारी ही गाडी उत्तनला जाईल आणि परत येईल, मी सोता आत बसून. आणि का बिघडलती ते मना चार मानसांत सांगायचं. न्हाय जमलं, तर गाला शिवाचा. मग कुरकुर नको."

झालं! आता गाडी राहिली बाजूला, शालूचं सगळं जगणंच पणाला लागलं. गाळा गेला तर ती जाणार कुठे? कुणाच्या घरी भांडी घासायला? रडू आलं होतं, पण शिवासमोर रडेल ती शालू कसली. तिने पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

आकडा लावला. दोन लुकलुक, पुन्हा दोन. बावीस. कपलर काढला. परत साय! आठवड्यात? एवढी खारी हवा तर समुद्रातल्या होडीलाही लागत नाही. सायीला हात लावला तर ओलसर चिकट. मग शालूने जे केलं ते बॅटरीच्या दुकानात वाढलेलं माणूसच करील. बोट जिभेला लावलं.

खारट नव्हतं. आंबट!

ती ताडकन उभी राहिली, डोकं बॉनेटवर आपटलं, तरी हसू आवरेना. अख्खं गाव खारी हवा, खारी हवा करत बसलं, तिनेही तेच केलं, आणि चोर निघाला आंबट! बॅटरीचं ॲसिड म्हणावं तर बॅटरी दुसऱ्या टोकाला, तिचं झाकणही कोरडं. मग आंबट आलं कुठून? तिने टॉर्च घेतला, रबरी नळ्यांच्या फटीत बोटं घातली, चाचपलं. तेलकट मातीत काहीतरी बारीक टोचलं. उचलून उजेडात धरलं.

बी. लिंबाची बी.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनात लिंबू कोण पिळतं? शालूलाही तोच प्रश्न पडला. तिने कुणाला काही सांगितलं नाही. पिना साफ केल्या आणि सोमवार ते शुक्रवार गाडी स्वतःकडे ठेवून घेतली. रोज चालवली, मोरव्यापर्यंत, राईपर्यंत, चढावर, ट्रॅफिकमध्ये. दिव्याने डोळा उघडला नाही. म्हणजे रोग गाडीत नव्हताच, रोग होता इंद्रलोकच्या पार्किंगमध्ये! आणि दोन्हीदा गाडी बंद पडली ती रविवारी, म्हणजे जे काय होत होतं ते शनिवारी.

"आता गाडी घेऊन जा," शुक्रवारी संध्याकाळी ती अभिनवला म्हणाली. "मला एक सांग, शनिवारी काय करतोस?"

"संध्याकाळी एक चक्कर मारतो. घोडबंदरपर्यंत. रविवारी आईला देवळात."

"बरं," शालू म्हणाली आणि शनिवारी पहाटे पहिली रिक्षा पकडून इंद्रलोकला गेली. वॉचमन झोपला होता. ती खांबाआड एका स्कूटरच्या मागे दबा धरून बसली. 

साडेपाचला लिफ्ट खाली आली. साठीची एक बाई बाहेर आली, गाऊनवर ओढणी, हातात चावी. सरळ लाल गाडीपाशी गेली, दार उघडलं, आतली खिट्टी ओढली, बॉनेट वर करून काठी लावली. मेकॅनिकने करावं इतक्या सफाईने! मग ओढणीच्या गाठीतून हळदीकुंकू लावलेलं लिंबू काढलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि लिंबू नळ्यांच्या फटीत कोंबायला वाकली.

"काकू, थांबा!"

लिंबू हातातून सुटून घरंगळलं. अभिनवची आई, अनसूया, दचकून गाडीला टेकली. "अगं बाई! कोण? चोर?"

"चोर मी नाही काकू, तुम्ही!" शालूला इतका संताप आला होता. "तुमच्या या लिंबापायी माझं दुकान हातचं चाललंय, ठाऊक आहे? इंजिन तापलं की ते उकडतं, फुटतं, रस खाली गळतो, नेमका त्या सॉकेटात! तीन गॅरेज, दोन सेन्सर, आणि मी गावभर खारी हवा, खारी हवा सांगत फिरतेय!"

अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच स्कूटरच्या सीटवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. नवरा सकाळी कामाला म्हणून निघाला, हायवेवर ट्रकने उडवला, परत आलाच नाही. आणि आता पोराने ही गाडी आणली, कमरेएवढीसुद्धा उंच नाही, ट्रकवाल्याला दिसते तरी का? आधी त्यांनी पुढे लिंबू-मिरची लटकवली होती. अभिनवने ती तोडून टाकली, लूक खराब होतो म्हणाला, आणि आई अडाणीपणा करते म्हणून दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून दर शनिवारी पहाटे लिंबू आत, रविवारी पहाटे काढून खाडीत.

"रोज रात्री गाडीचा आवाज येईपर्यंत जेवण जात नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याला नको सांगूस. एवढा जीव लावतो गाडीला. माझ्यामुळे बिघडत होती कळलं तर परत माझ्याशी बोलणार नाही."

शालूचा राग कुठल्या कुठे गेला. माणूस सकाळी जातं आणि परत येत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने जमिनीवरचं लिंबू उचललं, पुसलं, मागची डिकी उघडायला लावली आणि जादा चाकाच्या पोकळीत ते नीट बसवलं.

"इथे ठेवा. एक ठेवा, चार ठेवा. इथे त्याचा रस कुणाला लागत नाही. आणि मी कुणाला बोलणार नाही. शब्द दिला."

घरी परतताना ती रिक्षात एकटीच हसत होती. सापडलं! वीस वर्षांत एवढं अवघड आणि एवढं सोपं काही सापडलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर मात्र बापाची दुसरी अट आठवली आणि हसू थांबलं. कारण चार माणसांत सांगायचं होतं.

रविवारी चार कुठली, चाळीस माणसं जमली. अभिनव गाडी घेऊन आला, शेजारी आई. धर्माजी पांढराशुभ्र शर्ट घालून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत बसायला इतका वाकला, की दोघांनी धरून बसवावा लागला.

"ताई, तुम्हीच चालवा," अभिनवने चावी पुढे केली. शालूने ती हिसकावलीच म्हणा ना!

चावी फिरवली, पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. गाडी निघाली. राई गेलं, मोरवा गेलं. रस्ता मोकळा झाला आणि शालूने पाय दाबला. अहाहा! इंजिनाने असा सूर धरला, की म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरली. चढ लागला. इथेच धाप लागायची हिला. शालूचा एक डोळा रस्त्यावर, एक दिव्याच्या जागी. काळंच! गाडी चढ अशी चढली जशी उतारच आहे. धर्माजीने बाजूला बघितलं, लेकीकडे बघितलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दाब गो, दाब! म्हशीसारकी काय चालवतंस!"

उत्तनच्या बंदरावरून गाडी वळवली, तेव्हा म्हातारा पोरासारखा खिदळत होता. परतीला दुकानासमोर ब्रेक दाबला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. दिवा पेटला नव्हता. शालू उतरली ती हात वर करूनच.

"गाडी झाली," धर्माजी उतरत म्हणाला. चेहरा परत पहिल्यासारखा झाला होता. "आता कारण. का बिघडलती?"

 शालूने समोर बघितलं. अभिनव उत्सुकतेने पुढे झुकलेला, आणि त्याच्या मागे अनसूयाबाई, ओठ दाबून, पदराचं टोक मुठीत धरून.

"कपलरच्या पिना खराब झालत्या बाबा."

"त्या मागल्या टायमाला पन झालत्या. कशानं?"

एक शब्द बोलायचा होता. लिंबू. दोन अक्षरं काढली की गाळा तिचा. आणि तिच्या तोंडून ती निघेनात.

"मना कारण ठाव हाय," ती म्हणाली. "पन मी सांगनार न्हाय."

शिवा मोठ्याने हसला. "ठावच न्हाय तर सांगंल काय! नशिबानं चालली गाडी. बाबा, झालं का समाधान? चावी दे गाल्याची."

धर्माजी लेकीकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली नाही, डोळे मात्र भरून आले. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला आणि खिशात हात घातला.

"थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. "कारण मी आहे. मी दर शनिवारी इंजिनात लिंबू ठेवत होते. नजर लागू नये म्हणून. त्याच्या रसाने ते बिघडायचं. हिने मला काल पहाटे पकडलं, आणि पोराला कळलं तर माझ्याशी बोलणार नाही म्हणून गप्प राहिली." मग त्या अभिनवकडे वळल्या. "आता बोलायचं तर बोल. नाही बोलायचं तर नको बोलूस. पण माझ्या लिंबापायी हिचं दुकान जायला नको."

 अभिनवने गाडीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "पहाटे उठून? बॉनेट तू उघडायचीस? एकटी?"

"मग काय करू! तू रात्री येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो."

 त्याने आईला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला, एवढ्या माणसांत.

धर्माजी हे सगळं बघत होता. "लिंबू," तो स्वतःशीच म्हणाला. मग शिवाला म्हणाला, "तुझ्या हापिसाला दुसरी जागा बग." शिवा काहीतरी बोलू लागला, तशी म्हाताऱ्याने हाताने त्याला गप्प केलं आणि काठी टेकत घराकडे निघून गेला. शालूला एक शब्द नाही, शाबासकी नाही. तिला जरा लागलंच.

दहा मिनिटांनी तो परत आला, हातगाडी ढकलत. हातगाडीवर त्याच्या स्वतःच्या होडीची बॅटरी होती. दुकान लेकीकडे दिलं, तरी या बॅटरीला त्याने आजवर तिचं बोट लागू दिलं नव्हतं. दर महिन्याला घरी ओट्यावर बसून, चष्मा लावून, तो स्वतः तिचं पाणी बघायचा. त्याने हातगाडी दुकानाच्या पायरीला लावली.

"दोन दिस झालं, चार्ज धरत न्हाय ही," तो म्हणाला. "मना काय कारण सापडंना. तू बग जरा."

शालूने डोळे पुसले, मीटर उचलला आणि म्हणाली, "ठेवा तिकडं रांगेत. दोन रिक्षा आधी हायेत."